कुर्डुवाडी : वसाहतीचा उगम

कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील नगरपरिषदेचे शहर व मध्य रेल्वेचे जंक्शन. सोलापूरहून लोहमार्गाने सुमारे ८० किमी. शेजारच्या जुन्या कुर्डू गावाची ही वाडी, म्हणून कुर्डुवाडी. माढा व करमाळ्याला निंबाळकरांचे किल्ले आहेत, बार्शीला भगवंताचे मंदिर आहे. कुर्डुवाडीजवळ यातले काही नाही. हे गाव रुळांनी वसवले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन १८५९ मध्ये येथवर आली आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली. स्टेशनला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. ज्या बाजारपेठेच्या मालासाठी गाडी थांबे ती बार्शी तेथून सुमारे ३४ किमी दूर. तिचे धान्य आणि कापूस बैलगाड्यांनी स्टेशनात येई. वाडीचे स्वतःचे नाव मात्र बराच काळ बाजूलाच राहिले.

१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाईट रेल्वे येथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि वाडीचा खरा कायापालट झाला. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट, ‘बार्शी लाईट’चे अडीच फूट. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणे शक्यच नव्हते. बार्शीकडून आलेले पोते छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) उतरायचे आणि हमालाच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढायचे. या अदलाबदलीने गावाला कायमचा रोजगार दिला. पुढे छोटी लाईन १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी येथेच गाडी बदलू लागली.

त्यामुळे येथील आद्य रहिवासी बहुतांशी लाईनीवरची माणसे : ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन, गँगमन, रेल्वे कारखान्यातले फिटर. त्यांच्यामागोमाग हमाल, किराणा दुकानदार, खानावळवाले आले. बदलीच्या नोकरीत आलेल्या कुटुंबांनी क्वार्टर सोडल्यावरही गाव सोडले नाही. या शहराच्या घडणीत त्यांचा वाटा कोणत्याही जहागीरदाराइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

१९५४ मध्ये बार्शी लाईट सरकारच्या ताब्यात आली. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला आणि पोती-माणसांची ती चढउतार थांबली. छोट्या लाईनीसाठी उभा राहिलेला रेल्वेचा कारखाना मात्र तिच्यानंतरही चालू राहिला.