दोन अ‍ॅम्प एकमेकांना गिळतात तेव्हा

जत्रेच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी फोंड्यात आमची तालीम चालू होती. मी लॅपटॉपवर गिटारच्या दोन अ‍ॅम्पचे, म्हणजे तिचा आवाज मोठा करून घडवणाऱ्या यंत्रांचे, आवाज एकत्र लावले होते, एक स्वच्छ आणि एक फाटका. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही झकास. एकत्र वाजवताना मात्र पहिल्या तारेवर सातव्या पडद्याशी आलो, की सुरातला जीव जाई आणि तो पोकळ, बारीक ऐकू येई. तार बदलून पाहिली, गिटारही बदलली, तरी सूर तिथेच आणि तसाच बसे.

आधी हे लॅपटॉपवरचे अ‍ॅम्प म्हणजे काय ते सांगतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा, खरा अ‍ॅम्प गोव्याच्या पावसाळ्यात सांभाळणे कठीण. पिना गंजतात, स्पीकरच्या कागदावर बुरशी धरते, आणि ट्विन रिव्हर्बसारखा अ‍ॅम्प 29 किलोंच्या आसपास भरतो. म्हणून आम्ही काही जण अ‍ॅम्पचे ‘कॅप्चर’, म्हणजे तो कसा वाजतो याची संगणकातली नोंद, वापरतो. 2011 साली जर्मनीतल्या केम्परने अशा नोंदी घेणारे यंत्र बाजारात आणले. आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. ठरावीक चाचणी-आवाज काही मिनिटे अ‍ॅम्पमधून सोडायचा, बाहेर आलेला रेकॉर्ड करायचा, आणि आत गेलेल्यावरून बाहेरचे ओळखायला न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचे.

एवढा खटाटोप का, हे देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली की समजते. एका टाळीचा घुमारा नीट नोंदवला, तर त्या मंडपात कुठलाही आवाज कसा घुमेल हे गणिताने काढता येते, कारण टाळी दुप्पट जोराची झाली तर घुमाराही दुप्पट होतो, त्याचा पोत बदलत नाही. गिटारच्या स्पीकरची पेटी बरीचशी अशीच वागते, आणि तिची नोंद अशीच ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणून ठेवतात. व्हॉल्व्ह तसा वागत नाही. हळू छेडले तर तो स्वच्छ असतो, जोरात छेडले की लहरींची टोके दबतात आणि मुळात नसलेले उपस्वर (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले स्वर) तयार होतात. त्याला एक टाळी पुरत नाही, हळू-जोरात असे सगळे ऐकवावे लागते.

आता तो सातवा पडदा. तिथला सूर सुमारे 494 हर्ट्झचा. माझ्या दोन आवाजांपैकी एकाच्या पेटीची नोंद घेताना माइक दूर होता, आणि आवाज माइकपर्यंत पोचायला लागलेली शांतता फाइलच्या सुरुवातीला तशीच राहिली होती. ती सुमारे 1 मिलिसेकंदाची, म्हणजे हवेतले जेमतेम 34 सेंटिमीटर. पण 500 हर्ट्झच्या लहरीचा एक हेलकावा 2 मिलिसेकंदांचा असतो. 1 मिलिसेकंद उशीर म्हणजे बरोबर अर्धा हेलकावा: एकीचा चढ चालू असताना दुसरीचा उतार, आणि बेरीज जवळजवळ शून्य. 1500 आणि 2500 हर्ट्झलाही हेच घडते. उलट 1000 आणि 2000 ला दोघी हातात हात घालून येतात. म्हणजे त्या सुराचा पाया आणि विषम उपस्वर गळाले, सम तेवढे उरले. सूर बारीक का वाटत होता ते इथे उलगडले.

मिश्रणाचा दुसरा शत्रू उशीर नसून उलटेपणा. चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे मडक्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले वाद्य, वाजते ते आठवा. थाप पडताच चामडे आत जाते. त्या बाजूची हवा क्षणभर विरळ होते आणि दुसऱ्या तोंडाशी दाटते. दोन्हीकडे माइक लावून आवाज मिळवले, तर सुरुवातीचा ठोका दुबळा होतो. अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हच्या नेहमीच्या जोडणीत दर पायरीला लहर उलटी होते. पायऱ्यांची संख्या एकात सम आणि दुसऱ्यात विषम असेल, तर दोघांचे तोंड उलट दिशांना. जुन्या ट्विन रिव्हर्बचे दोन चॅनेलच याच कारणाने एकमेकांशी उलटे आहेत! एक आवाज उलटा करून ऐकायचा. ज्या स्थितीत खर्ज भरदार येतो ती बरोबर.

दोन आवाजांची तुलना करताना त्यांची पातळी आधी सारखी करा, नाहीतर कान जो मोठा त्यालाच चांगला म्हणतो.

फाइलींच्या नावांबद्दल मी हट्टी आहे. साधे कॅप्चर म्हणजे नॉबच्या एकाच स्थितीची नोंद. आत जाणारा आवाज वाढवला म्हणजे गेनचा, आवाज किती फाटावा हे ठरवणारा, नॉब फिरवला असे होत नाही, कारण तो नॉब बहुधा व्हॉल्व्हच्या दोन पायऱ्यांमध्ये बसलेला असतो आणि तो फिरताना अनेक अ‍ॅम्पमध्ये तीव्र स्वरांचा तोलही हलतो. म्हणून गेन 3, 5, 7 अशी वेगळी कॅप्चर हवीत, आणि तो आकडा नावातच हवा. नोंद पेटीसकट आहे की पेटीविना, हेही लिहायचे. पेटीसकटच्या नोंदीवर पुन्हा पेटी लावली तर आवाज चोंदतो. फोल्डर मी कंपनीप्रमाणे लावत नाही, स्वच्छ ते फाटका या क्रमाने लावतो, कारण अंधाऱ्या रंगमंचावर शोधायचा असतो तो आवाज.

सुरुवातीला शांतता राहिलेल्या त्या फाइलीचे पहिले 48 सॅम्पल, म्हणजे आवाजाची सुटी मोजमापे, मी कापले. सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या हिशेबाने तेवढाच तो 1 मिलिसेकंद. सातव्या पडद्यावरचा सूर पुन्हा भरून आला, आणि फाइलीच्या नावाशेवटी मी लिहिले: ‘सुरुवात 48 कापली, सुलट’.