ईजीएफ ग्राही : डोमेनच्या आकलनाचा इतिहास

उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी आधी, सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडतात, हे स्टॅन्ली कोहेन यांच्या लक्षात आले आणि १९६२ मध्ये त्यांनी त्यामागचे प्रथिन वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. ते प्रथिन म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, अर्थात ईजीएफ. पेशीवर त्याला धरणारा ग्राही पेशीच्या आतल्या प्रथिनांमधील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो, हे १९८० पर्यंत स्पष्ट झाले.

या ग्राहीचा संपूर्ण अमिनो आम्लक्रम १९८४ मध्ये हाती आला. सुमारे ६२० अमिनो आम्लांचा भाग पेशीबाहेर, एकच धागा पेशीच्या पटलातून आरपार, आणि आत टायरोसिन कायनेज, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट चढवणारा खंड, अशी त्याची रचना आहे. बाहेरच्या भागात चार डोमेन, म्हणजे स्वतंत्रपणे घडी पडणारे खंड असून, पहिले आणि तिसरे एकमेकांसारखे, तर दुसरे आणि चौथे सिस्टीन या अमिनो आम्लाने समृद्ध आहेत. कोंबड्यांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचे व्ही-एर्बबी हे जनुक याच ग्राहीची बाहेरचा बहुतेक भाग गमावलेली आवृत्ती आहे, हेही त्याच वर्षी उघड झाले. आतला खंड बाहेरच्या लगामाशिवायही काम करतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण.

ईजीएफ धरला गेला की दोन ग्राहींची जोडी बनते; ईजीएफच त्यांच्या मध्ये बसून त्यांना जोडत असेल, हा तर्क सहज सुचणारा होता. २००२ मध्ये प्रथिनाच्या स्फटिकांवरून उलगडलेल्या रचनांनी तो मोडीत काढला. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनमध्ये पकडला जातो, पण जोडीच्या बाहेरच्या कडांना. दोन ग्राही एकमेकांना धरतात ते दुसऱ्या डोमेनमधून पुढे आलेल्या बाहूने. ईजीएफ नसताना हा बाहू त्याच ग्राहीच्या चौथ्या डोमेनशी अडकून राहतो, हे पुढच्या वर्षी दिसले. आतल्या बाजूला दोन कायनेज समोरासमोर सारखे बसत नाहीत, तर एक दुसऱ्याला टेकून त्याला कार्यरत करते, हे जॉन कुरियन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले.

औषधांचे वेगवेगळे परिणामही या रचनेतूनच उलगडतात. सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरील प्रतिपिंड-औषध तिसऱ्या डोमेनवर बसून ईजीएफची जागा अडवते. याच कुळातील एचईआर२ या ग्राहीला स्वतःचा संदेशरेणू ज्ञात नाही आणि त्याचा बाहू कायम मोकळा असतो. त्याच्या चौथ्या डोमेनवर ट्रास्टुझुमॅब आणि दुसऱ्यावर पर्टुझुमॅब बसते, म्हणूनच स्तनांच्या कर्करोगात ही दोन्ही औषधे एकमेकांची जागा न अडवता एकत्र देता येतात.