अरबी समुद्रातील प्राणवायूची उणीव : पार्श्वभूमी

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन, म्हणजे खंडाला लागून असलेला उथळ तळ, संपून खंडान्त उतार, म्हणजे खोल समुद्राकडे जाणारा तीव्र उतार, सुरू झाला की, पुढे साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक जाड थर लागतो. त्याच्या गाभ्यातील पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नसतो. पृष्ठभागावरील उबदार पाण्यात एका लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो आणि दोन मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की बहुतेक मासे ती जागा सोडतात. या थराच्या गाभ्यात मात्र एका मिलिग्रॅमचा शंभरावा भागही सापडत नाही. जगाच्या महासागरांत एवढी तीव्र उणीव असलेले मोठे प्रदेश तीनच आहेत. त्यांपैकी दोन पूर्व प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस आहेत आणि तिसरा आपल्या पश्चिमेला आहे.

ही उणीव माणसाने निर्माण केलेली नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. अरबी समुद्राची उत्तर बाजू आशिया खंडाने बंद केलेली असल्यामुळे थंड प्रदेशात हवेशी संपर्क येऊन प्राणवायूने समृद्ध झालेले पाणी तेथून येऊ शकत नाही. मधल्या थरांत जे पाणी येते ते दक्षिणेकडून, फार लांबचा प्रवास करून येते आणि वाटेतच त्यातील बराचसा प्राणवायू खर्च झालेला असतो. दुसरीकडे, नैर्ऋत्य मोसमी वारे आणि हिवाळ्यातील ईशान्येचे कोरडे वारे पृष्ठभाग ढवळून खालची पोषकद्रव्ये वर आणतात, त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, प्रचंड प्रमाणात वाढतात आणि ते मरून खाली जाताना त्यांचे विघटन करणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांवरून असे दिसते की, हजारो वर्षांत हा थर पृथ्वीच्या हवामानाबरोबर कधी बळावला, तर कधी विरळ झाला. ज्या काळी तळाशी प्राणवायू नव्हता त्या काळी गाळ उकरणारे प्राणीही नव्हते, म्हणून त्या गाळाचे बारीक पापुद्रे अजून शाबूत आहेत.

हे सारे कळण्यासाठी आधी पाण्यातील प्राणवायू मोजता यावा लागला. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये त्याची जी अनुमापन पद्धत (ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबथेंब घालून प्रमाण मोजण्याची रीत) दिली, ती जहाजाच्या डेकवरही करता येण्याजोगी होती आणि थोड्याफार बदलांनिशी आजही वापरली जाते. अरबी समुद्रात तिचा पहिला मोठा उपयोग 1933-34 च्या जॉन मरे मोहिमेत झाला. ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून निघालेल्या या मोहिमेचे नेतृत्व भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सीमोर स्युवेल यांच्याकडे होते. ओमानच्या बाजूला तळ खरवडणारी जाळी टाकली असता सुमारे शंभर ते तेराशे मीटर खोलीच्या पट्ट्यातून ती जवळजवळ रिकामी वर आली आणि त्याच खोलीवरच्या पाण्यात प्राणवायू नगण्य असल्याचे दिसले. मोहिमेतील रसायनशास्त्रज्ञ गिल्सन यांना त्या पाण्यात नायट्राइटही आढळले. प्राणवायू संपल्यावर जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रोजन वायुरूपाने समुद्राबाहेर जातो, या क्रियेची ती खूण होती. तिचे पूर्ण महत्त्व ध्यानात यायला मात्र पुढे अनेक दशके लागली.

खोल समुद्रातील या थराचा किनाऱ्यावरील मासळीशी संबंध जोडला गेला तो 1950 च्या दशकाच्या अखेरीस. कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लाएवास्तु यांनी 1959 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मुंबईसमोरच्या समुद्रातील निरीक्षणे प्रसिद्ध करून दाखवले की, किमान प्राणवायूचा हा थर विशिष्ट काळात उतारावरून वर, किनाऱ्याच्या दिशेने सरकतो आणि त्याचा परिणाम मासेमारीवर होतो. त्याच वर्षी कार्ल बान्से यांनी कोचीच्या परिसरात पावसाळ्यात तळाची मासळी ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत न्यायच्या, जाळ्यात का मिळत नाही याचा उलगडा याच दिशेने केला. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील खरे वळण येथे आहे. तोपर्यंत जी गोष्ट दूरच्या खोल पाण्यातील नवल म्हणून पाहिली जात होती, ती मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचते हे त्या वर्षी प्रथम आकड्यांनिशी मांडले गेले.

किनाऱ्यावर दरवर्षी घडते ते असे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, आधी केरळपाशी आणि मग उत्तरेकडे, खालचे थंड आणि कमी प्राणवायूचे पाणी समुद्रबूड जमिनीवर चढते. त्याच वेळी पाऊस आणि सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या यांचे गोडे, हलके पाणी वर पसरते, त्यामुळे पृष्ठभाग आणि तळ यांची सरमिसळ होत नाही आणि तळाला हवेतून प्राणवायू मिळण्याची वाट बंद होते. तळाशी साचलेल्या जैव पदार्थाचे कुजणे चालूच राहते. परिणामी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीला वेग येतो त्याच सुमारास, किनाऱ्यावरील तळाच्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. मासे कल्ल्यांवाटे प्राणवायू घेतात. तो कमी पडला की ते आधी उथळ पाण्याकडे किंवा वरच्या थरात सरकतात, पण शिंपले आणि गाळातील कृमी यांना पळता येत नाही. नायट्रेटही संपले की जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होते. हा वायू पेशींमधील श्वसनच रोखतो, त्यामुळे गुदमरण्यात विषाची भर पडते. उलट काही लहान दीपमीन, म्हणजे अंगावर प्रकाश देणारे अवयव असलेले मासे, दिवसा खोल, प्राणवायूहीन थरातच उतरतात. तेथे त्यांच्या शरीराचा व्यापार मंदावतो, शिकारी माशांपासून आसरा मिळतो आणि रात्री ते खाण्यासाठी वर येतात.

1959 ते 1965 या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाज सहभागी होते. या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. ‘गवेषणी’ आणि नंतर 1983 मध्ये आलेले ‘सागर कन्या’ या जहाजांमुळे भारतीय शास्त्रज्ञांना स्वतःच्या प्रश्नांसाठी समुद्रात जाता येऊ लागले. अरबी समुद्रातून दरवर्षी कोट्यवधी टन नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो, हा अंदाज सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला.

1997 पासून या संस्थेने गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर सुमारे पंचवीस मीटर खोलीच्या ठिकाणी पुनःपुन्हा नमुने घेण्यास सुरुवात केली. 2000 मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा हंगामी पट्टा सुमारे 1,80,000 चौरस किलोमीटरचा आहे, 1999 मध्ये तेथे सल्फाइड तयार होण्यापर्यंत मजल गेली होती आणि त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जात होता. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे पावणेतीनशेपट तापवणारा आणि ओझोनच्या थरालाही घातक आहे. उणीव तीव्र होण्यामागे शेतीतील खते आणि सांडपाणी यांतून येणारा नायट्रोजन असावा, अशी शक्यता त्यांनी मांडली होती.

ती शक्यता अजून निकालात निघालेली नाही. 2017 मधील एका अभ्यासाने दाखवले की, हिंदी महासागराची द्विध्रुवी स्थिती धन असते, म्हणजे त्याचा पश्चिम भाग पूर्व भागाच्या तुलनेत नेहमीपेक्षा उबदार असतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर थंड पाणी वर चढण्याचे प्रमाण घटते आणि तळ पूर्ण प्राणवायूहीन होण्याचे टळते. म्हणजे एखादे वर्ष वाईट जाण्यास दूरच्या समुद्रातील वारेही कारण असू शकतात. खोल थराच्या जुन्या नोंदी तपासल्यावरही सर्वत्र एकच कल दिसला नाही, काही भागांत प्राणवायू घटलेला तर काही भागांत किंचित वाढलेला आढळला. ओमानच्या आखातात मात्र स्वयंचलित ग्लायडरांनी, म्हणजे पाण्याखाली वर-खाली फिरत नोंदी घेणाऱ्या मानवरहित यंत्रांनी, केलेल्या मोजण्यांतून, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, स्थिती पूर्वीपेक्षा स्पष्टपणे बिघडलेली दिसली. माणसाचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे वेगळे काढायचे तर एकाच जागी वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींशिवाय इलाज नाही. कांदोळीसारख्या ठिकाणी लहान नौकेतून नमुने घेणे सर्वांत अवघड असते ते जून ते ऑगस्ट या काळात, आणि तळाचा प्राणवायू घसरू लागतो तोही याच महिन्यांत.