'डिफर' झालं ते काय: अर्ज की प्रवेश?

डिसेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांचे लवकरच्या फेरीचे निकाल लागतात आणि माझा फोन वाजू लागतो. "ॲडमिशन डिफर झालंय." सांगणाऱ्याचा आवाज कधी पडलेला असतो, कधी निवांत. मला काळजी वाटते ती निवांत आवाजाची.

'झालं' हे आपलं फार सोयीचं क्रियापद आहे. उशीर झाला, खर्च झाला, ॲडमिशन डिफर झालं. कुणी केलं हे सांगावंच लागत नाही. एरवी त्यानं काही अडत नाही. पण 'डिफर' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एकीत जागा तुमच्या हातात असते, दुसरीत नसते. शब्द मात्र तोच.

पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. तुम्हाला प्रवेश मिळाला, तुम्ही तो स्वीकारलात आणि विचारलंत, मी यंदाऐवजी पुढच्या वर्षी आले तर चालेल का? कॉलेज हो म्हणालं. मालिया ओबामा यांनी 2016 साली हेच केलं. हार्वर्डचा प्रवेश घेतला, वर्षभर थांबल्या आणि 2017 मध्ये दाखल झाल्या. हार्वर्ड तर कित्येक वर्षांपासून प्रवेशाच्या पत्रातच असं वर्ष घेण्याचा पर्याय सुचवतं. 'गॅप इयर' हा शब्द ज्यांच्या कानावर पडला आहे त्यांना यात नवीन काही नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. अमेरिकेत पदवीसाठी लवकरच्या फेरीत अर्ज केला, बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरच्या आसपास, की डिसेंबरच्या मध्याला उत्तर येतं. उत्तरं तीन: हो, नाही आणि डिफर. हे तिसरं उत्तर म्हणजे निर्णयच नव्हे. कॉलेज म्हणतं, तुमचा अर्ज आम्ही निकालात काढलेला नाही, तो नियमित फेरीतल्या हजारो अर्जांबरोबर पुन्हा वाचू आणि मार्चअखेरीपर्यंत सांगू. इथे पुढे गेला तो निर्णय. प्रवेश अजून मिळालेलाच नाही, त्यामुळे तो पुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

माझ्या भावाच्या मुलीचा असा फोन आला होता 28 डिसेंबरला. उत्तर पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं, पण घरात सगळे समाधानात होते, म्हणून कुणी घाई केली नव्हती. "आत्या, माझं डिफर झालंय. जागा आहे गं, फक्त वर्षभरानं जायचं." भावानं फोन घेतला आणि वर्षभरात तिला कुठला कोर्स लावावा हे विचारू लागला. मी म्हटलं, आधी तिला पत्र वाचायला लाव. तिनं इंग्रजीतल्या चार ओळी वाचल्या. मी म्हटलं, आता तेच मराठीत सांग. ती अडखळत बोलू लागली, "तुमचा अर्ज... नियमित फेरीत... पुन्हा विचारात घेतला जाईल." मी विचारलं, "यात 'प्रवेश' हा शब्द कुठे आहे?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

बहुतेक कॉलेजांच्या नियमित फेरीची मुदत 1 ते 5 जानेवारीच्या दरम्यान संपते. तिनं सुरुवातीला सात कॉलेजांची यादी केली होती आणि 'डिफर झालं' म्हणून ती बाजूला ठेवून दिली होती. शिक्षकांची शिफारसपत्रं कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या वेबसाइटवर, आधीच चढलेली होती, ती पुन्हा मागावी लागली नाहीत हे नशीब. तरी प्रत्येक कॉलेजचे स्वतंत्र निबंध होतेच. चार रात्री जागून तीन अर्ज गेले. उरलेल्या चारांची मुदत हातची गेली. एका क्रियापदापायी चार कॉलेजं गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी या एका मुद्द्यावर कुणाचीही भीड ठेवत नाही.

मी पूर्वी मुलांना एवढंच विचारायचे: डिफर कुणी केलं, तू की त्यांनी? हा प्रश्न बऱ्याचदा पुरतो, पण नेहमी नाही. 2020 साली इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेच्या, श्रेणी गणिती सूत्रानं ठरवल्या गेल्या. 13 ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास 40 टक्के खाली आलेल्या होत्या. चारच दिवसांनी, 17 ऑगस्टला, सरकारनं माघार घेतली आणि शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरल्या. मधल्या चार दिवसांत जागा भरत गेल्या होत्या. मग काही विद्यापीठांनी प्रवेशासाठी घातलेल्या गुणांच्या अटी पूर्ण करणाऱ्या मुलांना सांगितलं, यंदा जागा नाही, 2021 ची जागा घ्या. म्हणजे पुढे ढकलणारं विद्यापीठ होतं, तरी मुलाच्या हातात जागा होती. माझा प्रश्न तिथे चुकीचं उत्तर देतो.

म्हणून आता मी कर्ता सोडून कर्म विचारते. पुढे काय गेलं, अर्ज की प्रवेश? पत्र उघडा आणि त्या वाक्यात कोणतं नाम आहे ते शोधा. 'तुमचा अर्ज' पुढे गेला असेल, तर तुमच्याकडे काहीही नाही, उद्यापासून बाकीचे अर्ज भरायला बसा. 'तुमचा प्रवेश' किंवा 'तुमची रुजू होण्याची तारीख' पुढे गेली असेल, तर जागा आहे. आणि बोलतानाही कृपा करून नुसतं 'डिफर' म्हणू नका. 'निर्णय लांबणीवर पडला' आणि 'प्रवेश पुढे ढकलला' असे दोन सरळ प्रयोग मराठीत आहेत. ते वापरले की ऐकणाराही फसत नाही आणि बोलणाराही.

निर्णय लांबणीवर पडला म्हणजे आशा किती धरायची, हे कॉलेजवर अवलंबून आहे. जॉर्जटाउनची कित्येक वर्षांची रीत अशी की लवकरच्या फेरीत ज्यांना घेतलं नाही त्या सगळ्यांचा अर्ज पुढच्या फेरीत जातो, तिथे नकार द्यायचाच नाही. एमआयटीतही लवकरच्या फेरीतले निम्म्याहून जास्त अर्ज पुढे जातात. स्टॅनफर्डचा कल याच्या उलट: थोड्यांनाच थांबवायचं, बाकीच्यांना तेव्हाच स्पष्ट उत्तर द्यायचं. मला स्टॅनफर्डची रीत जास्त माणुसकीची वाटते. सतरा वर्षांच्या मुलाला तीन महिने टांगून ठेवण्यापेक्षा नकार बरा, तो पचवून मूल पुढच्या कामाला लागतं.

अर्ज पुढे गेल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. बारावीच्या पहिल्या सहामाहीचे गुण शाळेकडून पाठवायचे. कॉलेज परवानगी देत असेल तर एकच पत्र लिहायचं, पानभर, 'मला अजूनही इथेच यायचं आहे' हे सांगणारं, आणि त्यात नोव्हेंबरनंतर नवीन घडलेलं तेवढंच. ते पत्र मुलानं स्वतः लिहावं. एजंटनं लिहिलेलं पत्र मूळ निबंधाशेजारी ठेवलं की भाषा लगेच वेगळी दिसते. दर आठवड्याला ईमेल पाठवू नयेत. एक गोष्ट मात्र पालकांना कुणी सांगत नाही: मूळ अर्ज अर्ली डिसिजनचा, म्हणजे बांधून घेणारा असेल, तर निर्णय लांबणीवर पडल्यावर ते बंधन साधारणपणे सुटतं. मार्चअखेर प्रवेश मिळाला तरी इतर कॉलेजांनी देऊ केलेल्या आर्थिक मदतीच्या रकमा शेजारी ठेवून ठरवायला मोकळीक असते.

वेटलिस्ट निराळी. नियमित निकालाच्या वेळी सांगतात की जागा रिकामी झाली तर बोलावू. तिथे निर्णय झालेला असतो, जागा नसते. दोन्हींना सरसकट 'होल्डवर ठेवलंय' म्हणणारे सल्लागार मला भेटतात. त्यांना मी दर वेळी विचारते, होल्डवर म्हणजे दोन्हींपैकी काय? उत्तर क्वचित मिळतं.

आता पुन्हा पहिल्या, ओळखीच्या गोष्टीकडे, कारण तिच्यातही एक खड्डा आहे. प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती करणं आणि ती मंजूर होणं यात अंतर असतं. मुलं विनंतीचा ईमेल टाकतात आणि 'मी डिफर केलं' असं सांगत फिरतात. दरम्यान 1 मे उजाडतो, अमेरिकेत पदवीच्या प्रवेशाला उत्तर देण्याची प्रचलित मुदत. प्रवेश स्वीकारलेला नसतो, अनामत भरलेली नसते, आणि मग पुढे ढकलायला प्रवेशच उरत नाही. बहुतेक ठिकाणी क्रम असा: आधी स्वीकारा, अनामत भरा, मग विनंती करा आणि लेखी मंजुरीची वाट पाहा. मंजुरीबरोबर अटी येतात, त्या वाचा. त्या वर्षात दुसऱ्या कॉलेजात पदवीसाठी नाव घालायचं नाही, ही नेहमीची अट.

शिष्यवृत्ती आपोआप पुढे जात नाही. पीएचडी किंवा मास्टर्सच्या असिस्टंटशिपबाबत, म्हणजे विद्यापीठात काम करून मिळणाऱ्या पैशाबाबत, तर हे आणखी कडक, कारण तो पैसा त्या वर्षाच्या प्रकल्पाचा असतो. तो पुढच्या वर्षी मिळेल का, हे वेगळं विचारा आणि लेखी घ्या. कागदही नव्यानं लागतात. अमेरिकेच्या आय-20 वरची, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावरची, सुरुवातीची तारीख बदलून घ्यावी लागते. ब्रिटनचं कॅस, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र, सहा महिन्यांसाठीच असतं, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी नवं लागतं. आयईएल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, वर्ष पुढे ढकलताना ती मुदत ओलांडत नाही ना ते मोजा. मास्टर्स-पीएचडीसाठीच्या जीआरई परीक्षेची पाच वर्षं असल्यानं तिची सहसा अडचण येत नाही.

ब्रिटनमध्ये एरवी हा गोंधळ कमी आहे. युकॅस, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था, हिच्या अर्जातच पुढच्या वर्षीचा प्रवेश हवा असं नोंदवता येतं, आणि तिथे 'डिफर्ड' म्हणजे जवळजवळ नेहमी प्रवेशाचं वर्ष. तिथला गोंधळ 'कंडिशनल' या शब्दाचा. गुणांची अट घातलेली ऑफर पहिली पसंती म्हणून स्वीकारली की लोक 'कन्फर्म झालं' म्हणतात. अट पूर्ण होऊन विद्यापीठानं पक्कं करेपर्यंत काहीही कन्फर्म नसतं. त्यासाठीच दुसरी, इन्शुरन्स पसंती ठेवायची सोय आहे. ती पहिलीपेक्षा कमी गुणांची अट असलेली हवी. तेवढ्याच गुणांची इन्शुरन्स निवडणं म्हणजे पावसाळ्यात फाटकी छत्री नेणं.

'विथड्रॉ झालं' या शब्दातही तोच दोष आहे. युकॅसवर एखाद्या पर्यायापुढे 'विथड्रॉन' दिसलं, तर तो अर्ज तुम्ही मागे घेतलेला असू शकतो किंवा विद्यापीठानं, उदाहरणार्थ मुलाखतीला न गेल्यामुळे. इथे मात्र कर्ताच विचारायला हवा. अमेरिकेत अर्ली डिसिजननं प्रवेश मिळाल्यावर बाकीचे अर्ज तुम्ही मागे घ्यायचे असतात, ते तुमचं कर्तव्य. दिलेला प्रवेश कॉलेजनं परत घेणं ही निराळी गोष्ट, आणि ती फक्त गैरवर्तनामुळे होते असा समज आहे. तशी उदाहरणं आहेतच. हार्वर्डनं 2017 मध्ये फेसबुकवरच्या खाजगी ग्रुपमधल्या आक्षेपार्ह मीम्सवरून किमान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेनं 499 प्रवेश मागे घेतले. त्यातल्या बऱ्याच मुलांचा दोष एवढाच होता की अंतिम गुणपत्रिका वेळेत पोहोचलेली नव्हती. गदारोळ झाला, कुलगुरूंनी माफी मागितली आणि बहुतेकांना परत घेतलं गेलं.

आपल्याकडे बारावीची गुणपत्रिका मे-जूनमध्ये हाती येते आणि त्या आनंदात ती कॉलेजकडे अधिकृतपणे पाठवायची राहून जाते. स्वतः स्कॅन करून पाठवलेली प्रत बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. ती शाळेकडून किंवा बोर्डाकडून जावी लागते. भाचीच्या वेळी आम्ही शाळेत दोनदा गेलो आणि तिच्या पोर्टलवर 'मिळाली' अशी नोंद दिसल्यावरच विमानाचं तिकीट काढलं.