रात्री इंजिन बदलतात म्हणे!

धुळ्यात जुन्या जावा मोटारसायकलींच्या गॅरेजात बसलं की एक गोष्ट हमखास ऐकू येते. परदेशातल्या सहा दिवसांच्या एंड्युरो (खडतर वाटांवरच्या मोटारसायकल) शर्यतीत कंपन्यांच्या टीमा म्हणे "रातले इंजिन बदली टाकतस, म्हनीसन जिंकतस." ऐकायला झकास, पण साफ चुकीची.

ही शर्यत १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइलला सुरू झाली. दिवस संपला की गाडी कुलूपबंद आवारात जाते आणि सकाळपर्यंत कोणी तिला हात लावायचा नाही. सुरुवातीच्या तपासणीतच चासी आणि इंजिनाच्या केसिंगवर रंगाची खूण करतात. खुणेचा भाग बदलला की स्वार बाद. मग इंजिन बदलणार कुठून?

टायर बदलणं, चेन ताणणं ही कामं ठरलेल्या मोजक्या मिनिटांत करायची आणि पाना फिरवायचा तो स्वारानेच. मेकॅनिक शेजारी उभा राहून पाहतो. (आपल्याकडे उलट, मालक चहा पीत पाहतो!) टायर काढण्यात हात बसला नसेल, तर घाटातली सगळी मर्दुमकी वाया.

कंपनीचा खरा हात आधी लागतो: गाडीची बांधणी, चाचण्या, सराव. १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं चेकोस्लोव्हाकियाने आपल्याच देशातल्या जावा गाड्यांच्या जोरावर मुख्य ट्रॉफी नेली, ती अशा तयारीवर. चाकं वेगळी असतील, पण नाव तेच जे गॅरेजातल्या त्या धुळकट टाकीवर आहे.