पायदान, खरखर आणि वीस मीटर आकाश

नानाकाकांच्या ट्रान्झिस्टरच्या काचेवर शाईचा एक निळा ठिपका होता. बुधवारी दुपारभर सेल गच्चीवर उन्हात पडलेले असायचे. पावणेआठला ते सेटमध्ये जायचे आणि काका अंगठ्यानं चक्री फिरवत तांबडी सुई त्या ठिपक्यापाशी आणायचे. केसभर अलीकडे कुणी परकी बाई अगम्य भाषेत बोलत असायची, केसभर पलीकडे मोर्सची टिकटिक. मधल्या फटीत रेडिओ सिलोन. एकदा ते सापडलं की हुकूम सुटायचा, "आता कोणी हलायचं नाही!" हुकूम फुकाचा नव्हता. मी एरियलजवळून उठून पाणी प्यायला गेलो की आवाज खरोखरच बदलायचा. माणसाचं अंग म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी, वीज बऱ्यापैकी वाहून नेणारी. ती एरियलच्या जवळ आहे की नाही, हे सेटला बरोबर कळतं.

(सेल उन्हात ठेवल्यानं ते भरत नाहीत. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा लवकर होते आणि मरगळलेला सेल तासभर तग धरतो. आम्हाला तासभरच हवा असायचा.)

ही परभणीतली, सत्तरच्या दशकातली गोष्ट. आठ वाजता बिनाका गीतमाला सुरू व्हायची. निवेदक अमीन सयानींचं 'बहनों और भाइयों' आलं की पुढचा तासभर गाणी एकेका पायदानावरून खालून वर मोजली जायची आणि काका शंभर पानी वहीत क्रमांक उतरवून घ्यायचे. आज तीच गाणी माझ्या फोनमध्ये आहेत, हवी तेव्हा, काचेसारखी स्वच्छ. ती ऐकतो, आवडतात, पण बुधवारची मजा येत नाही. 'आमच्या वेळी असं नव्हतं' या म्हाताऱ्या कुरकुरीत हे जमा करून मोकळं होता येईल. मला मात्र वाटतं की ती मजा कुठून यायची, याचा बराचसा हिशोब मांडता येतो. त्यातला अर्धा आकाशात आहे, अर्धा डोक्यात.

आधी प्रश्न असा, की हिंदी सिनेमातली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली गाणी आम्ही कोलंबोहून का ऐकत होतो? याला कारण एक मराठी माणूस. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. देशाचा कान शास्त्रीय संगीतानं घडवावा, अशी त्यांची तळमळ होती आणि सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वेळी सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेली दणकट लघुलहरी (शॉर्टवेव्ह) यंत्रणा आयती पडून होती. डिसेंबर १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली. मुंबईत मुद्रित केलेली टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून प्रक्षेपित व्हायची. सुरुवातीला सातच गाणी असत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. वर्षभरात आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. पत्रं हाताळणं अशक्य झालं, तेव्हा स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची उतरंड लावायला सुरुवात झाली. आकाशवाणीनं विविध भारती काढली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये. तोवर सिलोनची चटक लागून गेली होती.

आता आकाश. परभणी ते कोलंबो सरळ अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. पृथ्वी गोल, त्यामुळे कोलंबोचा मनोरा परभणीच्या क्षितिजाखाली बुडालेला. सरळ रेषेत निघालेली लहर आपल्या डोक्यावरून अवकाशात निघून जायला हवी. ती जात नाही, कारण वर आयनांबर आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या सुट्या इलेक्ट्रॉनांचे थर म्हणजे आयनांबर. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा खालचा थर लहरीची ताकद शोषतो, पण सूर्य मावळला की तो विरून जातो. २०० ते ४०० किलोमीटरवरचा थर रात्रीही टिकतो आणि लघुलहरींना वाकवून परत खाली पाठवतो. म्हणजे बुधवारी रात्री आठ वाजता वाट अडवणारा पडदा सरकलेला असे आणि आरसा जागेवर असे.

अंतराचा मध्य काढला, तर परभणीला येणारं गाणं साधारण कर्नाटकातल्या कोलारच्या डोक्यावर तीनशे किलोमीटर चढून वळत होतं. वर जाऊन खाली यायचा एकूण प्रवास दीड हजार किलोमीटरचा, वेळ एक सेकंदाचा दोनशेवा भाग. मुंबईहून विमानानं गेलेली टेप आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात परत आलेलं गाणं!

पण हा आरसा चांदीचा नव्हे, ढवळलेल्या पाण्याचा. एकच गाणं एका वेळी दोन-तीन वाटांनी येतं. कुणी एका उडीत, कुणी जमिनीवर आपटून दुसऱ्या उडीत, कुणी थराच्या वेगळ्या उंचीवरून. या वाटा परभणीत भेटतात तेव्हा लहरींचे उंचवटे एकमेकांवर बसले तर आवाज फुगतो, उंचवट्यावर खळगा आला तर आवाज बुडतो. ३१ मीटर बँडचा हिशोब करा. लहरीची लांबी ३१ मीटर, म्हणजे एक वाट दुसरीपेक्षा साडेपंधरा मीटरनं लांबली की फुगलेला आवाज बुडतो. त्यासाठी तीनशे किलोमीटरवरचा थर किती हलावा लागतो? वीसेक मीटर. सहा-सात मजली इमारतीएवढा. कोलारवरचं आकाश तेवढं वरखाली झालं की परभणीत ऐन अंतऱ्यावर गाणं नाहीसं व्हायचं आणि काका सेटच्या कडेला एक चापट मारायचे. चापटीनं काही होत नसे. आकाश आपल्या गतीनं परत यायचं, गाणं वर यायचं, आणि श्रेय चापटीला मिळायचं.

कधी आवाज बुडायचा नाही, पण पाण्याखालून आल्यासारखा चिरफाळायचा. त्याचं कारण जरा खोलातलं आहे. या पद्धतीच्या प्रक्षेपणात एक मुख्य वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना, काही किलोहर्ट्‌झ अंतरावर, गाण्याचा आशय असतो. बुडण्याची जागा नेमकी वाहक लहरीवर आली आणि बाजू शाबूत राहिल्या, की सेट गोंधळतो. आशय आहे, पण तो कशाच्या आधारानं उलगडायचा हे कळत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक भानगड. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंबा इथं १९६३ मध्ये अग्निबाणतळ उभा राहिला तो याच कारणानं. सूर्यास्तानंतर या पट्ट्यातला वरचा थर झपाट्यानं वर ढकलला जातो आणि त्याच्या पोटात कमी इलेक्ट्रॉनांचे बुडबुडे उठतात, भातावर वाफेचे खड्डे पडावेत तसे. अशा रात्री आवाज थरथरतो. भारताच्या रेखांशावर हे प्रकार मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जास्त, आणि सूर्यावर डाग वाढलेले असतात त्या वर्षांत आणखी जास्त. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत सयानी थरथरत बोलत, असं जर कुणाला आठवत असेल तर आठवण खोटी असेलच असं नाही.

इथून गोष्ट डोक्यात शिरते. गाणं बुडालं तेव्हा आम्ही काय करायचो? आमच्याही नकळत पुढची ओळ आतल्या आत चालू ठेवायचो. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एका वाक्यातला एक ध्वनी कापून तिथं खोकल्याचा आवाज जोडला. ऐकणाऱ्यांना तो ध्वनी ऐकू आला! काही गाळलंय हे सांगूनही नेमकं कुठे, ते त्यांना धड दाखवता येईना. मेंदू भोक बुजवतो आणि बुजवल्याची खूणही ठेवत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्याच डार्टमथ इथल्या संशोधकांनी ओळखीच्या गाण्यांत मधेमधे शांतता घातली आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. त्या शांततेतही श्रवणाचा भाग काम करत होता. अनोळखी गाण्यात तसं कमी दिसलं. आमच्या बाबतीत शांततेच्या जागी खरखर होती, इतकंच. निम्मं गाणं कोलंबो गात होतं, निम्मं आम्ही. फोनवरच्या गाण्यात मला गायला जागाच नाही, ही माझी खरी तक्रार.

आणि वाट पाहणं. मॉन्ट्रिअलमधल्या एका प्रयोगात, २०११ साली, लोकांना त्यांची स्वतःची, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवली. काटा आला त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामाइन सुटलं. पण त्याच्या आधीच्या सेकंदांत, 'आता येणार' या अवस्थेत, शेजारच्या दुसऱ्या भागात ते आधीच सुटू लागलं होतं. डोपामाइनला सुखाचं रसायन म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. माकडांवरच्या वोल्फ्राम शुल्ट्‌झ यांच्या प्रयोगांनी दाखवलं की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अंदाजापेक्षा जास्त मिळालं तर जोरात बोलतात, अंदाजाप्रमाणे मिळालं तर गप्प, हुकलं तर आणखीच गप्प. आता गीतमालेकडे बघा. गेल्या आठवड्यात सातवर असलेलं गाणं आज कुठे? पाचवर आलं नाही. म्हणजे वर चढलं की यादीतूनच गेलं? चारवर नाही. तीनवर नाही. आतेबहीण उशीचा कोपरा चावतेय. मग बिगुल. अंदाज-प्रत्यक्षाचा फरक मोजायला बसलेल्या पेशींसाठी याहून चांगला खेळ मुद्दाम रचायचा म्हटला तरी कठीण. यादी वरून खाली वाचली असती, पहिला क्रमांक आधी, तर गाणी तीच राहिली असती आणि कार्यक्रम पाच मिनिटांत मेला असता.

त्यात आठवड्याचा खंड. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की घोकंपट्टी एका दमात करण्यापेक्षा मधे दिवस जाऊ देऊन केली, तर जास्त टिकते. लोकप्रिय गाणं आठवडेच्या आठवडे यादीत राहायचं, दर बुधवारी एकदा कानावर पडायचं. पाढे जसे पाठ व्हायला हवे होते, तशी ती गाणी पाठ झाली.

आठवणींचंही वय असतं. पन्नाशी-साठीतल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानचे प्रसंग वाजवीपेक्षा जास्त निघतात. आलेखात तिथं उंटाचं मदार दिसतं. गाण्यांचं तसंच. पण एक गंमत कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्स्ल यांच्या २०१३ च्या अभ्यासात निघाली. विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली, तर त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांपाशी दुसरं मदार दिसलं आणि त्याहून जुन्या, साठच्या दशकापाशी आणखी एक. म्हणजे गाणी घरातून झिरपतात. माझी पुतणी गीतमाला संपल्यावर जन्मली, आणि भांडी लावताना ती जे गुणगुणते ते तिच्या आजीच्या वेळचं असतं.

या हुरहुरीला युरोपात 'नॉस्टॅल्जिया' हे नाव मिळालं ते १६८८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घरच्या ओढीनं खंगत जाणाऱ्यांवर प्रबंध लिहिला आणि दोन ग्रीक शब्द जोडून हा आजार म्हणून नोंदवला. पुढे परमुलखात लढणाऱ्या स्विस भाडोत्री सैनिकांशी तो आजार जोडला गेला. गावाकडच्या गुराख्यांचं गाणं कानी पडलं की ते रडत, पळून जात, म्हणून सैन्यात ते गाण्याची बंदी होती, असं रूसोनं आपल्या १७६८ च्या संगीतकोशात लिहून ठेवलंय. आणि बिनाका टूथपेस्ट कुणाची? सिबा कंपनीची. सिबाचं मुख्यालय बाझेल! पुढे कार्यक्रमाचं नावही सिबाका गीतमाला झालं. योगायोगच, पण मला फार आवडतो. आजार आणि त्याची लागण, दोन्ही एकाच गावची.

हुरहूर आजार नाही, हे आता मानसशास्त्र मान्य करतं, पण ती हिशोबात चोख नसते. १९७५ म्हटलं की आपल्याला कुठला सिनेमा आठवतो, ते सांगायला नको. त्या वर्षीच्या गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं 'महंगाई मार गई'. त्या वेळी लोकांच्या तोंडी काय होतं ते यादी सांगते. आठवणीनं ते सोयीस्कर पुसलं, कारण महागाई पुन्हा जगावी असं कुणालाच वाटत नाही. घरात रॉकेलची रांग कुणी लावायची यावरून भांडणं होत होती, हेही मला प्रयत्न केल्यावरच आठवतं. ठिपका मात्र न बोलावता येतो.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, ९१ वर्षांचे होऊन. त्या आठवड्यात मी काकांची वही बाहेर काढली. पानं तांबूस पडलीत, डाव्या समासात क्रमांक, पुढे गाण्याचा पहिला शब्द, कुठे वर जाणारा बाण, कुठे खाली येणारा. एका पानावर नऊ क्रमांकापुढे काहीच लिहिलेलं नाही. शेजारी शिसपेन्सिलीनं, वैतागून दाबलेल्या काकांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: लाट गेली.