बोटीवरचं जेवण आणि त्यामागची शंभर-दीडशे वर्षं

मावशी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करून आली तेव्हा तिला विचारलं, पेनांग कसं होतं गं? म्हणाली ठीक होतं, ऊन फार. आणि मग पुढचा पाऊण तास फक्त जेवण. सकाळचा बुफे किती लांब होता, कलिंगडाचा हंस कसा कोरला होता, रात्री अकराला पण पिझ्झा कसा चालू असतो, वेटरला दुसऱ्या दिवशीच तिचं नाव आणि बिनकांद्याचं जेवण दोन्ही कसं पाठ झालं होतं. क्रूझवरून आलेल्या कुणालाही विचारून बघा, बंदरं विसरलेली असतात, ताट आठवत असतं. आता यात आपल्याकडे जास्त गंमत अशी की आपल्या मागच्या पिढीला बोट म्हटलं की आठवायचं ते उलटं, म्हणजे शब्दशः उलटं. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी कोकणबोट, डेकवर वळकटी, फडक्यात भाकरी, आणि हर्णै यायच्या आधीच निम्म्या लोकांना बोट लागलेली. मग बोट म्हणजे खाण्याची जागा हे कधी आणि कुणी ठरवलं?

सुरुवात काही शाही नव्हती. सॅम्युअल कुनार्डची 'ब्रिटानिया' १८४० मध्ये लिव्हरपूलहून अटलांटिक ओलांडायला निघाली तेव्हा ताज्या दुधाची सोय म्हणजे डेकवर बांधलेली एक गाय. फ्रिज नाही, बर्फ टिकत नाही, त्यामुळे कोंबड्या, मेंढ्या, डुकरं जिवंतच न्यायची आणि लागेल तशी कापायची. दोनच वर्षांनी, १८४२ च्या जानेवारीत, याच बोटीतून चार्ल्स डिकन्स अमेरिकेला गेला आणि तिथल्या जेवणाच्या दालनाला त्याने खिडक्या लावलेल्या अवाढव्य शववाहिकेची उपमा दिली, यावरून काय ते समजा. एक लांबलचक टेबल, वर टांगलेल्या रॅकमध्ये ग्लास अडकवलेले, पुढच्या काळात टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या म्हणजे ताटली घसरून मांडीवर येऊ नये, आणि खुर्च्या जमिनीला स्क्रूने ठोकलेल्या. जेवण हा आनंद नव्हता, तारेवरची कसरत होती. आणि हे पहिल्या वर्गाचं झालं. खाली स्टिअरेजमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्गात, जे देश सोडून चाललेले गरीब होते त्यांना सुरुवातीच्या काळात बऱ्याच बोटींवर भांडी आणि अंथरूण स्वतःचं आणावं लागायचं.

आपल्या बाजूला मुंबई–लंडन ही पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीची लाइन. सुवेझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि हा प्रवास एकदम आटोक्यात आला. (पॉश हा शब्द या लाइनीवरून आला, पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम, म्हणजे जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची केबिन म्हणजे सावलीची, ते तिकिटावर छापायचे वगैरे जी गोष्ट सगळे सांगतात, तिला पुरावा काडीचा नाही. असं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. तरी दरवर्षी ती फॉरवर्ड होत राहते.)

याच लाइनीवरचा एक प्रसंग मला राहून राहून आठवतो. ४ सप्टेंबर १८८८, मुंबईहून 'क्लाइड' नावाची बोट निघाली, तिच्यात अठरा वर्षांचा एक मुलगा बॅरिस्टर व्हायला निघालेला, मोहनदास गांधी. आईला शब्द दिलेला की मांसाला शिवणार नाही. डायनिंग सलूनमध्ये जेवणाची घंटा व्हायची आणि हा जायचाच नाही, कारण काटे-चमचे कसे धरायचे ते माहीत नाही, इंग्रजी बोलायची सवय नाही आणि यातलं बिनमांसाचं कुठलं हे वेटरला विचारायचा धीर नाही. मग केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खायची, सगळा प्रवास बहुतेक त्याच्यावरच. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आज क्रूझच्या बुकिंग फॉर्मवर व्हेज, जैन असे खाने असतात आणि आपण टिक करून मोकळे होतो, पण त्या जागी पोचायला शंभरेक वर्षं लागलीयेत.

आता क्रूझ, म्हणजे कुठे पोचायचं म्हणून नाही तर नुसतं फिरायला बोटीत बसायचं, हे खूळ निघालं ते चक्क रिकाम्या बोटींमुळे. हॅम्बुर्गच्या हापाग या बोट कंपनीत अल्बर्ट बालिन नावाचा हुशार माणूस होता. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक इतका खवळलेला की श्रीमंत प्रवासी फिरकायचेच नाहीत, भलीमोठी बोट धक्क्याला बांधून पडायची आणि खर्च चालूच. त्याने १८९१ च्या जानेवारीत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात दोन महिने फिरवून आणली, स्वतः पण बायकोला घेऊन गेला. आणि ते चाललं! मग १९०० मध्ये खास फिरण्यासाठीच म्हणून 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईस' बांधली.

याच बालिनने दुसरी एक गोष्ट केली जिचं बिल आपण आजही भरतो. लंडनच्या कार्लटन हॉटेलातलं जेवण त्याला इतकं आवडलं की हेच बोटीवर पाहिजे असं त्याने ठरवलं, आणि १९०५ च्या 'अमेरिका' या बोटीवर नावाजलेला हॉटेलवाला सेझार रिट्झ याच्या हाताखाली तयार झालेलं आ ला कार्त रेस्टॉरंट उघडलं. तोपर्यंत सगळ्यांनी एका वेळी, एका हॉलमध्ये, जे वाढतील ते खायचं अशी पद्धत होती. इथे हवं तेव्हा या, हवं ते मागवा, आणि वेगळे पैसे द्या. आजच्या क्रूझवर जे स्पेशालिटी रेस्टॉरंट असतं, तिकिटात सगळं जेवण इन्क्लुडेड म्हणतात आणि मग स्टेक नाहीतर सुशीला वेगळे डॉलर लावतात, त्याचं मूळ हे इथे. 'टायटॅनिक'वर पण असं रेस्टॉरंट होतं, लुइजी गाती नावाचा इटालियन माणूस ते चालवायचा. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री तिथे जेवून उठलेल्या पाहुण्यांपैकी बरेच वाचले, वाढणारे आणि रांधणारे जवळपास सगळे गेले, गाती सुद्धा.

पोहण्याचा तलाव, लिफ्ट, जिम हे सगळं पण याच पंधरा-वीस वर्षांतलं, कंपन्यांची एकमेकांशी चढाओढ चालली होती म्हणून. ते पटकन सोडून देतो कारण खरी गंमत पुढे आहे.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, आणि १९२४ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या लोकांची संख्या एकदम आवळली. म्हणजे स्टिअरेज रिकामं. कंपन्यांनी खालचे डेक जरा रंगवले, पडदे लावले, त्याला टुरिस्ट थर्ड असं गोंडस नाव दिलं आणि कॉलेजची पोरं, मास्तर लोक यांना युरोप दाखवायला न्यायला लागल्या. आणि दारूबंदीचा तर त्यांनी सोनाराच्या काट्याने फायदा उचलला. न्यूयॉर्कहून परदेशी झेंड्याची बोट निघायची, हद्दीच्या बाहेर जायची, बार उघडायचा, दोन-तीन दिवस कुठेच न जाता फिरायची आणि परत. कुठेच न जाणारी क्रूझ! मला वाटतं बोट हेच ठिकाण झालं ते खरं तेव्हाच, बाकी सगळं त्याच्यानंतरची सजावट.

सजावट म्हणाल तर कळस म्हणजे फ्रान्सची १९३५ ची 'नॉर्मंडी'. तिची पहिल्या वर्गाची डायनिंग रूम ९३ मीटर लांब होती, म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालापेक्षा लांब. एकावेळी ७०० माणसं जेवायची. बोटीच्या मधोमध असल्यामुळे एकही खिडकी नाही, मग लालीक या फ्रेंच काच कलाकाराचे काचेचे दिव्यांचे खांब उभे केले आणि एअर कंडिशनिंग बसवलं, त्या काळात. समुद्रात असून समुद्र दिसत नाही असं जेवण. ती बिचारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागून आडवी झाली.

मग १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये जेट विमानं अटलांटिकवर सुरू झाली आणि पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. बोटवाल्यांचं दिवाळं वाजायचीच वेळ. जे टिकले ते असे की ज्यांनी ओळखलं की वाहतूक गेली, आता पार्टी विकायची. १९६६ मध्ये नॉर्वेचा क्नुट क्लोस्टर आणि टेड एरिसन यांनी मायामीहून 'सनवर्ड' सुरू केली, १९७० मध्ये रॉयल कॅरिबियनची 'साँग ऑफ नॉर्वे' आली जिच्या धुरांड्याला चिकटून वरती काचेचा लाउंज होता, आणि १९७२ मध्ये एरिसनच्याच कार्निव्हलची पहिली बोट 'मार्डी ग्रा' पहिल्याच फेरीत मायामीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. आणि वर ट्रॅव्हल एजंट भरलेले! नारळ फुटायच्या आधी नाक फुटलं म्हणायचं. तरी तीच कंपनी पुढे जगात सगळ्यात मोठी झाली.

क्रूझच्या ज्या प्रथा लोक प्रेमाने आठवतात त्या बहुतेक या काळात घट्ट झाल्या. दोन पंगती, एक संध्याकाळी सहाच्या आसपास आणि एक साडेआठला. आठवडाभर तेच टेबल, तीच अनोळखी माणसं, तोच वेटर. मध्यरात्रीचा बुफे, त्यात बर्फात कोरलेले मासे नि परी. आणि शेवटून दुसऱ्या रात्री ती बेक्ड अलास्काची मिरवणूक: दिवे मालवायचे, वेटर डोक्यावर पेटतं आइस्क्रीम घेऊन ओळीने यायचे आणि लोक नॅपकिन फिरवायचे. आता हे सगळं जवळजवळ गेलं. मध्यरात्रीच्या बुफेत खाण्यापेक्षा फोटो जास्त काढले जायचे आणि उरलेलं सगळं फेकायचं, कंपन्यांना ते परवडेना.

ठरलेली पंगत मोडली ती २००० मध्ये, आणि मोडण्यात आशियाचा हात होता हे फार कमी लोकांना माहितीये. मलेशियाच्या गेंटिंग ग्रुपची स्टार क्रूझेस १९९३ पासून सिंगापूर-हाँगकाँगकडे चालायची. आपल्या बाजूचा प्रवासी म्हणजे कुणाला चायनीज, कुणाला इंडियन, कुणी आठला जेवणार कुणी दहाला, पूर्ण कुटुंब बरोबर, अनोळखी माणसांबरोबर टेबलावर बसायची हौस अजिबात नाही. म्हणून त्यांच्या बोटींवर आधीपासूनच अनेक रेस्टॉरंट होती. त्यांनी नॉर्वेजियन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी तिथे फ्रीस्टाइल क्रूझिंग आलं, हवं तिथे हवं तेव्हा जेवा. बाकीच्या कंपन्या पण मागोमाग वळल्या. आणि याच स्टारने २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईला आणून ठेवली. मुंबई–गोवा, लक्षद्वीप. आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली क्रूझ तीच. मग २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, आणि २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस', जी मुळात रॉयल कॅरिबियनने १९९० मध्ये तीन-चार दिवसांच्या छोट्या फेऱ्यांसाठीच बांधली होती. तिथे जैन जेवण मागावं लागत नाही, असतंच.

एक गोष्ट मात्र या सगळ्या इतिहासात नेहमी तळटीपेत जाते. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी गुजरातेतले, रत्नागिरीकडचे, इंजिनात कोळसा लोटणारे आगवाले पंजाब-पठाणांकडचे, आणि स्वयंपाकी नि स्टुअर्ड गोव्याचे. गोव्याचेच का, तर गोव्यातल्या ख्रिश्चनाला गाय, डुक्कर, दारू कशाचंच वावडं नाही आणि पोर्तुगीजांमुळे पाव-केकापासून सूपापर्यंत सगळं हाताखालचं. या लोकांना कोकणीत तारवटी म्हणतात. बोट मुंबईहून सुटायची, म्हणून धोबी तलाव, माझगावात गावागावाचे कूड उभे राहिले, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली: भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, एका कोपऱ्यात सायबिणीचा, म्हणजे मदर मेरीचा, फोटो, आणि पुढची बोट मिळेपर्यंत मुक्काम. साहेबलोकांच्या दुपारच्या मेनूत पी अँड ओवर करी असायचीच ती यांच्या हातची. त्याच घराण्यातल्या पी अँड ओ क्रूझेसने २०१० मध्ये 'अझुरा'वर शेफ अतुल कोचर यांचं 'सिंधू' रेस्टॉरंट उघडलं, आता त्या करीला वेगळे पौंड पडतात.

आजही कुठल्याही मोठ्या बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, जा, गोवा, मुंबई, कोकण सापडणारच. २०२० च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामाला कोविडमुळे अडकली तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये कोंडलेले होते, पण त्यांच्या दारापर्यंत ट्रे कुणीतरी नेतच होतं.

मावशीचा तो वेटर पण मडगावचाच निघाला. पहिल्या रात्री तिने बिनकांद्याची भाजी मागितली तर तो मराठीत म्हणाला, आजी मी सांगतो आत, तुम्ही बसा. मग ती सवयीने त्याच्या मागेच लागली, तू कधी जेवतोस, काय जेवतोस. म्हणाला तुमची दुसरी पंगत उठली, टेबलं लावून झाली की साडेअकराला खाली क्रू मेसमध्ये. तिथे काय असतं रे, पास्ता? नाही हो, शीत-कडी, आपला करी-भात.